अहो, फोन उचलू नका!

...आणि वर मलाच म्हणते, "अहो, फोन उचलू नका!" माझं घर, माझ्या नावावरचा फोन, आणि मीच उचलायचा नाही? तुम्हाला सांगतो, मी काही संशयी माणूस नाही हां! पण जेवणं उरकली की बायको कॉम्प्युटरपुढे, तिकडे 'वजीर' नावाचा कुणी बुवा, आणि ही गालातल्या गालात हसतेय... माझ्या विनोदाला कधी हसली नाही हो!

मग काय, स्वयंपाकघरातला त्याच लाइनवरचा दुसरा फोन हळूच उचलला. म्हटलं, ऐकू तरी काय गुलूगुलू चाललंय. तर कानात किंईईई... खर्रर्र... आणि बाहेरून हिची किंकाळी, "तुटलंऽऽ!" मी गुपचूप पाणी प्यायलो.

कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं ते डबडं, मोडेम, माझा मेव्हणा दुरुस्त करतो, त्याला विचारलं. "भाऊजी, कॉम्प्युटरला येतं फक्त शून्य आणि एक, आणि फोनच्या तारेतून जातो आवाज. म्हणून मोडेम त्याचे सूर करतो. सूर लहान-मोठा करायचा, त्याची लाट जरा मागेपुढे सरकवायची, की एकेका सुरात चार-पाच शून्य-एक बसतात. पलीकडचा मोडेम ऐकून ते परत सोडवतो." म्हटलं, म्हणजे बोलतातच ना! "अहो, त्याआधी दोघं एकमेकांना जोखतात. तारेत खरखर किती, वेग किती झेपेल, मग जमेल तिथे तडजोड..." तडजोड! ऐकलंत? मला किती वेग झेपतो, हे आमच्या घरात कुणी विचारलंय कधी? जळलो हो, त्या डबड्यावरसुद्धा जळलो!

मी संशयी नाही हां, पण परत उचलला. परत परत उचलला. त्या खरखरीत बुवाचं हसू शोधत होतो. एक किर्र तर मला चक्क लाडिक वाटली! आणि मागे वळतो तर ही दारात.

"म्हणजे दर वेळी तुम्हीच? अहो, बुद्धिबळाचा डाव जिंकत आले होते मी! लाइन तुटली तरी घड्याळ चालूच राहतं, माझा वेळ संपतो आणि मी हरते त्या 'वजीर' आजोबांशी!"

आजोबा? बुद्धिबळ? हिला येतं?

"लग्न झाल्यापासून म्हणतेय, बसा एक डाव. तुम्हाला वेळ कुठे होता?"

म्हटलं, मांड पट, आजपासून माझ्याशीच खेळ.

खेळतो. रोज खेळतो आणि रोज हरतो, चहा गार व्हायच्या आत. आणि खरं सांगू? त्या म्हाताऱ्यावर अजून जळतो मी... हरता हरता त्याची लाइन तरी तुटायची हो!