आत्यासाठी निवडलेला उंबरठा

मॉरीन : ‘आमचे पणजोबा मायकल ग्लेनन हे इंग्रज जमीनदाराच्या जुलमाला बळी पडून, नेसत्या वस्त्रानिशी आयर्लंड सोडून अमेरिकेला निघाले.’ तू काढलेल्या आयर्लंडच्या सहलीच्या पत्रकातलं हे पहिलंच वाक्य. जेरी, मग तो पियानो त्यांनी कुठे खोचून आणला?

जेरी : कुठला पियानो?

मॉरीन : अॅग्नेस आत्याच्या या बैठकीतला. पणजोबांनी बोटीतून आणला, असं तूच पाहुण्यांना सांगत आलायस.

जेरी : ताई, तू कॉलेजातून निवृत्त झालीस, पण पेपर तपासायचं काही सोडत नाहीस. अर्धं स्क्रँटन गाव येतंय आपल्याबरोबर. पियानोची चौकशी कुणीच केलेली नाही.

मॉरीन : मग बाप्तिस्म्याच्या नोंदीची करू. तू छापलीस ती कॅरिगबॉनच्या चर्चमधली. त्या मायकलचा बाप टॉमस.

जेरी : बरं, मग?

मॉरीन : आपल्यात थोरल्याला आजोबाचं नाव देतात. तुझंही तसंच पडलं. पणजोबांचा थोरला मुलगा, आपल्या आजोबांचा मोठा भाऊ, बार्टली; म्हणजे त्यांचा बापही बार्टलीच असणार. तुझा हा मायकल दुसऱ्याच कुणाचा तरी पणजोबा आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर तू सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याला गुडघे टेकायला लावणार आहेस.

जेरी : एखादा बापावर रुसतो, वेगळं नाव ठेवतो. कॅरिगबॉनचे फादर फार भले आहेत गं. चहापान, मुलींचं गाणं, सगळं ठरवून ठेवलंय त्यांनी.

मॉरीन : चहावरून पूर्वज निवडण्याची पद्धत माझ्या वाचनात नाही. बार्टलीचा मुलगा मायकल शेजारच्या ड्रमलाहाच्या चर्चमध्ये सापडतो, तोही पहिल्याच प्रयत्नात. दोन वर्षांपूर्वी तू गोल्फ खेळायला त्याच भागात गेला होतास. ड्रमलाहाला गेलास?

जेरी : हळू बोल. आत्या जागी आहे.

मॉरीन : आहेच. आत बॅग भरतेय. त्या उंबरठ्याची माती तिला काकांच्या, तिच्या नवऱ्याच्या, थडग्यावर घालायचीय. बोल.

जेरी : गेलो. तिथल्या गुत्त्यात आडनाव सांगितलं. म्हातारा मालक म्हणाला, कुठले ग्लेनन? कॅरिगबॉनचे लाल केसांचे तांबडे, की आमच्या गावचे हडपे?

मॉरीन : हडपे.

जेरी : जमीनदाराने शेजाऱ्याला घराबाहेर काढलं आणि पणजोबांनी आठवड्याभरात त्याचं शेत खंडाने घेतलं. गावाने वाळीत टाकलं. लोहार घोड्याला नाल ठोकेना, चर्चमध्ये बाकावर शेजारी कुणी बसेना. शेवटी सगळं विकून निघाले. तो म्हातारा त्या शेजाऱ्याचाच पणतू. ग्लास पुसत पुसत सांगत होता, आवाजसुद्धा चढवला नाही त्याने.

मॉरीन : मग विचारलं असेल त्याने, तुम्ही यांतले कोण?

जेरी : सोड ना, ताई.

मॉरीन : काय उत्तर दिलंस ते शब्दशः सांग. आत्याला मी तेवढंच सांगणार आहे.

जेरी : म्हणालो, ‘हडप्यांचं नाव आजच ऐकतोय. आम्ही तांबड्यांपैकी.’