बायकांच्या जिन्यावरची पोरं

मी मूळची करमाळ्याकडली. लगीन हून सोलापुरात आले, मालक गिरणीत व्हते, ते गेले तवा पदरात एक पोरगी, मग मी थेटरात झाडलोटीला लागले. काय सांगू तुमाला, नाटकं तितंच, सभा तितंच, कीर्तन बी तितंच, आख्खं गाव यायचं की.

बायकांची जागा वर माडीवर. लेकरू रडलं की खालनं बाप्ये वरडायचे, भाईर काढा त्याला. आई बिचारी रडकुंडीला यायची, लेकरू माज्याकडं द्यायची, आन मी जिन्यावर बसायचे. वकिलीणबाईचं ह्या मांडीवर, हातमागवाल्याचं त्या मांडीवर. सगळी नाटकं कानानं ऐकली, डोळ्यानं एक बी न्हाय. लई जीव तुटायचा, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी दुपारच्या खेळाला लक्ष्मक्का आली, घरात हातमाग, बोलणं तेलुगू. म्हनली, पोरं आज मी बगते, तू जा. मी न्हाय न्हाय म्हनते तर हाताला धरून आत नेलं, कूर्चो, कूर्चो, बस गं, म्हनून खांदा दाबून बसवलंच.

नाटकात राणीचं हरवल्यालं तान्हं लेकरू तिला गावतं. राणी म्हंजी बाप्याच, पण रूप काय, चालणं काय! बायका पदरानं डोळं पुसत्यात. आन त्यानं लेकरू उचललं, व्हतं कापडाचंच बोचकं, पण मान खाली लटकती! हुबी ऱ्हाऊन वरडले, अगं बये, मान धर की त्येची!

सगळं थेटर हासलं. राणीला बी हसू फुटलं. रडायचा परवेस, त्यो हासण्यात गेला. पडदा पडल्यावर मॅनेजर लालबुंद हून जिन्यावर आला, म्हनला, उद्यापासनं येऊ नगंस. पोरगी डोळ्याम्होरं आली. तेवड्यात राणी वर आली, लुगड्यातच, निम्मा रंग पुसल्याला. म्हनला, सायेब, बाईला घालवू नका, चूक माजी हाय. मावशी, कसं धरायचं, दावा. मी लक्ष्मक्काच्या मांडीवरलं लेकरू घेतलं, दावलं, हात मानंखाली, डोस्कं कोपरात. त्यानं चारदा करून बगितलं, मग मॅनेजर म्हनला, बरं, उद्या बी ये.

अजून बी मी जिन्यावरच बसते. ते नाटक लागलं की त्या परवेसाला आत सामसूम पसरती. मग हुंदकं ऐकू येत्यात, बायकांचं बी, बाप्यांचं बी. म्हंजी मान धरली. औक्षवंत हो रं बाबा, म्हनते मी भाईरनंच.