बसचा पहारा

सरका जरा, बसू द्या की... न्हाई न्हाई, मला कुठं जायचं न्हाई, मी आलोय! आता संध्याकाळपर्यंत ह्या सेलूच्या स्टँडवर नुसतं बसायचं. कामून म्हणून काय विचारता? आज पाळी आमची! काम काय न्हाई, पण जाणं हाय!

तुमाला सांगतो, आमचं गाव वालूरच्या पल्याड, एवढं बारकं की इकडच्या घरात फोडणी टाकली की तिकडच्या वेशीला ठसका लागतो! लय वर्षांनी रस्ता झाला, बस आली, अन् तरणी पोरं त्याच बसमधी बसून पुण्याला गेली! उरलो आमी म्हातारे-कोतारे... अन् बस जायला लागली रिकामी. कंडक्टर म्हणला, "लिंबाजीमामा, असंच चाललं तर बस बंद होती बघा." आमची धाकटी लेक राजेश्री ह्याच बसनं कॉलेजला जाती. बस गेली की पोरीचं शिक्षण गेलं, अन् तिची आत्या सोयरीक घेऊन दारात बसलेलीच हाय!

मंग मीच डोकं चालवलं. सप्त्यात वीणा कुणी खाली ठेवतंय का? पाळीपाळीनं पहारा देतेत. तसाच बसचा पहारा! रोज चार घरांनी बसायचं, सेलूला यायचं, चहा प्यायचा, परत जायचं. काम काय न्हाई, पण जाणं हाय!

बरं चाललं होतं ओ... तर खबर आली, डेपोचे साहेब स्वतः बसून बघणार, गाडीला माणसं हायत का न्हाईत. झालं! पाळी गेली चुलीत, सगळं गाव लोटलं बसमधी! अन् नेमका त्याच दिवशी राजेश्रीचा बारावीचा पहिला पेपर. कडूबाईनं, म्हणजे आमच्या मालकिणीनं, पोरीच्या हातावर दही-साखर ठेवायला अडवलं, तेवढ्यात बस गच्च! पायरीवर पाय ठेवायला जागा न्हाई. अन् आत साहेब एकेकाला विचारायलेत, "काय काका, कुठं निघालात?" नागनाथ म्हणतंय, "डोळ्याचं ऑपरेशन हाय साहेब!" कालच त्यानं सुईत दोरा ओवलाय! गोविंदराव म्हणतेत, "लग्नाचा बस्ता!" कुणाच्या लग्नाचा ओ? घरात दोघंच, नवरा अन् बायको!

पोरगी अन् मी खालीच उभे, पोरीच्या डोळ्यात पाणी. मी एकेकाकडं बघायलोय, उतरा की रे कुणीतरी... पण उतरणार कसं? आत्ताच ऑपरेशन सांगितलंय! अन् मी तरी काय बोलू? "ह्यातल्या एकालाबी काम न्हाई" म्हणावं तर बस बंद, गप बसावं तर पोरीचा पेपर जातोय!

मंग उठलं कोण? साहेब! "ये बेटा, माझ्या जागेवर बस. ह्या सगळ्यांची महत्त्वाची कामं आहेत... मला एकट्यालाच काही काम नाही!" अन् उतरले की ओ खाली! पोरगी गेली. खरं सांगतो, रडू आलं मला.

अन् साहेब दिवसभर माझ्या ओट्यावर. गावात चक्कर मारून आले, घराघराला कुलूप. "लिंबाजीराव, माणसं कुठं आहेत हो?" म्हणलं, "तुमच्याच बसमधी गेलीत साहेब!" संध्याकाळी बस आली, चढताना माझा हात धरला त्यांनी... म्हणलं संपलं, कळलं ह्यांना! तर म्हणतेत, "एवढंसं गाव अन् एवढे प्रवासी! फार हाल होतात तुमचे. दुपारची पण गाडी सोडतो!"

टाळ्या वाजवल्या लोकांनी, टाळ्या! अरे येड्यांनो, माणसं तेवढीच अन् बस दोन! आता रोज आठ घरं, तेवढी आणायची कुठून? एकाच घराची दोनदा पाळी...

हे काय, दुपारची आली वाटतं. ती बघा, कडूबाई उतरायली. घराला कुलूप, चूल थंड!

सरका अजून जरा... तिलाबी काम काय न्हाई.