थंडीत लाल होणारं झुडूप

सुरतेच्या लिंबायतला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. डिसेंबर होता, तरी दोघी पदरानं वारा घेत होत्या.

"धुरपदाबाई, तुमच्या त्या झुडपाची पानं झाली का लाल?"

"काय लाल होतात वं सोना. मिलचा शेठ उटीहून झुडपं घेऊन आला, त्यातली एक कुंडी माझ्या कुंदनच्या बापाला दिली. म्हणे थंडी पडली की पानं लालभडक होतात. आता सुरतेत थंडी कुठून आणू?"

"मग?"

"मग यानं बर्फ आणला. रोज गोणपाटात गुंडाळून कुंडीभोवती ठेवायचा. मी वैशाखात गार पाणी मागितलं होतं, तेव्हा म्हणाला नळाचं पी."

"फरक पडला काही?"

"सर्दी झाली. झाडाला नाही, त्याला."

"आणि गल्लीभर सांगून बसलेले ते."

"तेच ना. रविवारी माझा भाऊ नंदुरबारहून खास झाड बघायला येणार होता. तो आधीच याला थापाड्या म्हणतो. मला दया आली. शनिवारी हा पाळीला गेला, तशी मी मिलमधली लाल रंगाची पुडी कालवली अन् ब्रशनं पानं रंगवली."

"अगं बाई. भावाला कळलं?"

"त्यानं तर लावायला फांदी मागितली."

"अन् कुंदनच्या बापाला? उभा जन्म पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवण्यात गेला. आपलाच रंग ओळखला नाही?"

"घाईत माझ्याकडून खालची पानं रंगवायची राहिली होती. रविवारी सकाळी बघते तर तीपण लाल. अन् ब्रशचा हात माझ्यापेक्षा साफ फिरवलेला."