नागपुरातला मुक्काम

...आणि वर तो दूधवाला मलाच विचारतो, "गुरुजी, आज कहाँ पहुँचे?" रामघाटाच्या पायरीवर, माझ्याच पुढ्यात उभा राहून! म्हटलं, "रीवा." तर म्हणतो, "तब दूध किसको दूँ?" तुम्हाला सांगतो, चालायला माझी ना नाही, पण चालायचं काशीत आणि पोहोचायचं रीव्याला, हा योग कोणत्या शास्त्रात आहे हो?

ही करणी आमच्या हिमानीची. एकुलती कन्या, पुण्याला असते. तिची आई गेली आणि मी घरात एकटा, तेव्हा तिने फोनमध्ये एक नकाशा घालून दिला. "बाबा, तुम्ही काशीहून निघा, मी पुण्याहून निघते. जितकी पावलं पडतील तितका ज्याचा त्याचा ठिपका सरकेल. नागपुरात भेटू!" भेटू म्हणाली हो... मी तत्काळ हातात उदक घेऊन देवापुढे संकल्प सोडला, कन्येसह नागपूरपर्यंत! आणि निघालो. रोज रामघाट ते राजा घाट, राजा घाट ते रामघाट.

वाटेत प्रेक्षणीय स्थळं! फोन मध्येच ओरडतो, "बधाई हो! आप जलप्रपात पहुँच गए!" मी कुठे? बालाजी घाटाच्या गल्लीत, समोर वाट अडवून एक सांड! मैहरला शारदामातेचं चित्र आलं. तीर्थी तीन रात्री राहावं, म्हणून तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही, तर फोन म्हणतो, "आप आलस्य कर रहे हैं!" मी? आळशी? पुढे नर्मदामाई आली, भक्तिभावाने अर्घ्य दिलं... फोनवरच. रात्रभर तांदळाच्या डब्यात होता बिचारा. चालायला माझी ना नाही, पण वाटेत हे असं!

सहा महिन्यांनी नागपूर आलं. हिमानीचा ठिपका? पुण्याबाहेर अकरा किलोमीटरवर उभा! फोन केला. "अहो बाबा, ऑफिसच संपत नाही! तुम्ही व्हा ना पुढे!" पुढे कसा होऊ? संकल्प कन्येसह! फोन घरी ठेवून फिरता आलं असतं म्हणाल, पण देवापुढे उदक सोडून लबाडी करू? थांबलो. चार दिवस. गंगास्नान बंद, बादलीत स्नान. दूधवाला दारात, "गुरुजी, तबीयत?" म्हटलं, "उत्तम. नागपुर में हूँ." त्याने दूध ठेवलं आणि हात जोडून मागच्या पावली गेला!

पाचव्या दिवशी सकाळीच हिमानीचा फोन, रडत. "बाबा! बरे आहात ना? ठिपका का हलत नाही? मैहरला तीन दिवस थांबलात तेव्हाच जीव टांगणीला लागला होता! उठले की चहाच्या आधी तुमचा ठिपका बघते मी, तो हलला की कामाला लागते!"

"आणि तुझा ठिपका, बाळ?"

"माझं राहू द्या हो..."

"येतेस इकडे?"

"दिवाळीनंतर बघते, बाबा."

कन्येसह धरलेला संकल्प देवाच्या पायाशी ठेवला, क्षमा मागितली, आणि त्याच दिवशी पुण्याकडे निघालो. एक दिवस चुकवला नाही. चालायला माझी ना नाहीच! पण काल फोन सांगतो, पुणं फक्त नव्वद किलोमीटर, पोहोचताच यात्रा समाप्त, नकाशा बंद. बंद? मग ती सकाळी बघणार काय?

तेव्हा दूधवाल्याच्या मुलीकडून मार्ग बदलून घेतला. रामेश्वर टाकलंय. पुष्कळ लांब आहे म्हणतात.