पाखरांची पंगत

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीराबाई आणि गुलाबराव थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. दोघं काटोलकडचे, वावराला वावर लागलेले शेजारी. नावं पुकारणारी पायल त्यांचं बोलणं ऐकत होती.

"भाऊजी, तुम्ही संत्र्याची जुनी झाडं काढली, तिथं काय लावून राहिले?"

"नवी कलमं. काहून?"

"अर्धा एकर ज्वारी पेरा. माझ्या ज्वारीले सोबत होईल."

"मागच्या साली पेरली होती न तुम्ही. काय भेटलं?"

"कडबा."

"मंग? साऱ्या शिवारात ज्वारी एकली तुमची. चार गावची पाखरं तिथंच जेवतील. संत्र्यात पैसा आहे, वहिनी."

"आहे नं. पण दुकानच्या पिठाची भाकर थापता थापता तुटते. आधी साऱ्यांचीच ज्वारी राहे, तं पाखरं वाटल्या जात. तुम्ही मचाणावर बसून गाणे म्हणत."

"गाणे कुठचे? पाखरं हाकलत होतो मी."

"आमाले इकडं बांधाच्या धुऱ्यावर गाणंच वाटे."

गुलाबराव मिटल्या डोळ्यांनी हसले.

"अन् मी नाही म्हटलं तं?"

"तं मीबी संत्राच लावीन. एकलीनं ज्वारी नाही होत, भाऊजी."

पायलनं गुलाबरावांचं नाव पुकारलं. ते भिंत चाचपत उठले आणि थांबले.

"बी कुठून आणाचं?"

"मागच्या साली सत्तर कणसांवर फडकी बांधली होती. दोघांच्या वावरापुरतं आहे."