लंकेचा पास

(सोलापूर, १९३४. रेल्वेच्या चाळीतलं दोन खोल्यांचं घर, दुपार. धाकटी बहीण दाक्षायणी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली आहे. थोरली महादेवी नुकतीच अक्कलकोटहून आली आहे.)

महादेवी : उठून जवळ ये की. दीड महिन्यानं भेटतोय आणि तू तितं उंबऱ्याला चिकटून बसलीयास.

दाक्षायणी : बस अक्का. पाणी तुझ्या हातानं घे. तांब्या घासून पालथा घातलाय.

महादेवी : पाणीबी माझं मीच घ्यायचं व्हय? लंका बघून आली म्हणून एवढं? मी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, आमच्या दाक्षीला नवऱ्यानं बोटीत बसवून लंकेला नेलं म्हणून. आमच्या घरचे म्हणाले, लग्नाला बारा वर्षं झाली म्हणून बायकोला फिरवून आणणारा माणूस मी तरी बघितला न्हाई.

दाक्षायणी : ह्यांचा सायेब करतो तसं. तो आणि त्याची मडम लग्नाच्या तारखेला दरसाल कुटंतरी जातात. ह्यांनी ते मनात धरलं. आफिसातनं दोघांचा रेल्वेचा फुकट पास काढला, धनुष्कोडीपर्यंत. तितनं पुढं बोट. मीच नको म्हणत होते. सासूबाई चार दिवस बोलल्या न्हाईत माझ्याशी.

महादेवी : त्या बोलत्यात तरी कधी? बरं, सांग, कशी हाय लंका?

दाक्षायणी : मी बघितली न्हाई.

महादेवी : म्हंजे?

दाक्षायणी : बोटीत बसूच दिलं न्हाई. सगळं सांगते, मधी उठू नकोस. आणि माझ्याजवळ येऊ नकोस, एवढं ऐक.

महादेवी : काय झालंय तुला?

दाक्षायणी : पयल्यापासनं सांगते. मद्रासपर्यंत दोन दिवस गेले. ह्यांनी मला खिडकी दिली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, ती दोघांनी एका फडक्यावर बसून खाल्ली. घरात हे जेवून उठल्यावर मी बसते. बारा वर्षांत पयल्यांदा ह्यांच्या शेजारी जेवले मी. ह्यांचं जेवताना तोंड कसं हलतं ते मला ठावं नव्हतं अक्का. मला हसूच यायला लागलं. हे म्हणाले, हस, हितं कोण बघत न्हाई. मद्रासेपुढं सगळी हिरवळ. नारळीची झाडं, आणि तळी किती सांगू. सोलापुरात मे महिन्यात नळावर भांडणं लागतात, आणि तितं म्हशी दिवसभर पाण्यात बसलेल्या. मी म्हटलं, आपण हितंच राहू या का? हे काई बोलले न्हाईत. तवा मला त्यात काई वाटलं न्हाई.

महादेवी : मग?

दाक्षायणी : समुद्राच्या अलीकडं एक छावणी हाय. लंकेला जाणाऱ्यानं तितं उतरून अंग तपासून घ्यायचं. चहाच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या मजुरांची ही मोठी रांग होती, पोरंबाळं, गाठोडी. डाक्टरनं चिठ्ठी दिली की बोटीत बसायचं. बायकांना आतल्या खोलीत घेत होते. तितं एक नर्सबाई होती. तिचं बोलणं मला कळंना, माझं तिला. खुणेनं चोळी काढायला सांगितली. पाठीवरनं हात फिरवला आणि खांद्याच्या खाली थांबली. मग खुणेनंच सांगितलं, डोळे मीट. मला वाटलं, देवीची सुई टोचणार. दात आवळून उभी राहिले. लई वेळ झाला, काईच होईना. शेवटी मी डोळे उघडून वळून बघितलं. तिच्या हातात टाचणी होती. टाचणीच्या टोकाला रगत होतं.

महादेवी : कुणाचं?

दाक्षायणी : माझंच की.

महादेवी : टोचलं आणि तुला कळलं न्हाई?

दाक्षायणी : कळलं न्हाई. मग डाक्टर आला. त्यानं पण टोचलं, पीस फिरवलं, डाव्या हाताची करंगळी वाकवून बघितली. ती मला तशीच वाटत होती नेहमीसारखी. त्यानं उजवीशेजारी धरून दाखवली तवा दिसलं, ती सरळ होत न्हाई. ह्यांना आत बोलावलं. इंग्रजीत बोलायला लागले दोघं. मला काय कळतंय त्यातलं? पण आमची चंद्री शेजारच्या गार्डाच्या पोरीबरोबर वन टू थ्री म्हणत खेळती, तेवढं कळतं. डाक्टरनं काईतरी विचारलं, आणि हे खाली बघून म्हणाले, टू.

महादेवी : दोन? काय दोन?

दाक्षायणी : ते मला त्या दिवशी कळलं न्हाई. रोगाचं नाव ह्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. पडवीत ट्रंकेवर बसून.

महादेवी : नाव नको घेऊ.

दाक्षायणी : घ्यावं लागंल अक्का. रक्तपिती. महारोग.

महादेवी : यव्वा… कुणी तरी दुसऱ्या डाक्टरला दाखव. ते परमुलखातले, त्यांना काय कळतंय?

दाक्षायणी : हितं आल्यावर दाखवलं. दोघांना दाखवलं. तेच म्हणाले.

महादेवी : आणि चंद्री?

दाक्षायणी : पयलं तिलाच तपासून घेतलं. डोक्यापासनं पायापर्यंत. काई न्हाई तिला. ह्यांनाही न्हाई.

महादेवी : शाळेतनं आली की मी बघते एकदा.

दाक्षायणी : बघ.

महादेवी : मग तितनं लगेच परत फिरला तुमी?

दाक्षायणी : न्हाई. दुसऱ्या दिवशी बारा वर्षं पुरी होत होती. ह्यांनी धरलं होतं, त्या दिवशी आपण लंकेत असायचं. हे म्हणाले, रामेश्वर तरी बघू, तितं चिठ्ठी लागत न्हाई, तेही बेटच हाय. लांबच लांब पूल, खाली समुद्र. गेलो. पण मी देवळात गेले न्हाई. एवढी माणसं अंगाला अंग लावून चाललेली, मी कशी जाऊ त्यात? आमी लांब वाळूत जाऊन बसलो. सकाळपासनं दिवस कलंपर्यंत. लग्न झाल्यापासनं दिवसाउजेडी एवढा वेळ आमी दोघंच कधी बसलो नव्हतो. वारा लई होता. ह्यांनी धोतराचा सोगा धरून माझ्यावर सावली केली. मी विचारलं, त्या डाक्टरला दोन काय म्हणाला तुमी? हे सोगा सावरत राहिले. परत विचारलं. मग म्हणाले, दोन वर्षं.

महादेवी : ईरप्पांना ठावं होतं?

दाक्षायणी : दोन उन्हाळ्यांमागं माझ्या पाठीला घामोळं आलं होतं. हे चंदन लावून देत होते. तवा चट्टा दिसला, रुपयाएवढा, फिकट. मी काईतरी डाळीचं सांगत होते म्हणं. ह्यांनी तितं चिमटा घेतला आणि मी डाळीचं बोलतच राहिले. ह्यांचा एक चुलता होटगीला शेतात खोपटात ऱ्हायचा, भाकरी लांबनं टाकायचे त्याला. हे लहानपणी ती भाकरी पोचवायला जायचे. त्यामुळं ह्यांना लगेच कळलं.

महादेवी : आणि गप बसले.

दाक्षायणी : गप बसले. त्यानंतर दर उन्हाळ्याला हेच चंदन लावायचे, दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे न्हाईत. मला वाटायचं, माया हाय.

महादेवी : माया?

दाक्षायणी : होतीच अक्का. ती न्हाई असं मी म्हणत न्हाई. सायबाचं बघून लंका, ते सगळ्यांना सांगायला होतं. ह्यांना वाटलं, हातापायावर दिसायच्या आत मला एकदा कुटंतरी न्यावं. तितं तपासतात हे ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

महादेवी : तू काय म्हणालीस मग?

दाक्षायणी : उठून समुद्रात गेले, लुगड्यासकट, गुडघ्याएवढ्या पाण्यात. हे मागनं धावत आले. ह्यांना वाटलं मी जीव देते. मी तशीच उभी राहिले. पाणी पायाला लागतंय का ते बघत होते. लागत होतं. पायाला अजून सगळं कळतंय.

महादेवी : दाक्षी, औषध न्हाई का त्याला?

दाक्षायणी : तेलाची सुई असती, आठवड्याला एक. दोन-तीन वर्षं घ्यायची. हितला डाक्टर चांगला माणूस हाय. त्यानं मला खुर्चीवर बसवलं. पण म्हणाला, बाई, चट्टा एकच होता तवा यायला पायजे होतं. आता हातातली शीर धरलीय. दोन वर्षांमागं आणलं असतं तर.

महादेवी : असं म्हणाला? ईरप्पांसमोर?

दाक्षायणी : ह्यांच्यासमोरच. हे तवापासनं आफिसला जातात, येतात, पण ह्या उंबऱ्याशी येऊन नुसते उभे राहतात. सासूबाईंना सांगितलं. त्या मला काई बोलल्या न्हाईत. चूल तेवढी त्यांनी घेतली. माझं ताट हितं ठेवतात. आता देवळात गेल्यात, तू येणार म्हणून.

महादेवी : मला चिठ्ठी कशाला धाडलीस ते सांग आता.

दाक्षायणी : मी परवा जाणार. मिशनचा आश्रम हाय, लांब, रेल्वेनं एक दिवस. तितं सुई मिळती. चाळीत हे लपणार न्हाई अक्का. नळावर दोघी बायकांनी विचारलं मला, करंगळीला काय झालं. एकदा बोभाटा झाला की चंद्रीला शाळेत बसू देणार न्हाईत. तू तिला घेऊन जा.

महादेवी : माझ्याकडं? चंद्रीला?

दाक्षायणी : आठ वर्षांची हाय. सगळं खाती. तुला त्रास देणार न्हाई.

महादेवी : तिच्या खाण्याचं बोलू नकोस माझ्यासमोर. माझ्या पोरीची, निंगव्वाची सुपारी फुटायचीय ह्या महिन्यात. विजापूरकडचं घर हाय, लई चौकशा करणारी माणसं. आणि मी त्या घरात ही पोर घेऊन बसू? कुणी विचारलं, हिची आई कुटं हाय, तर?

दाक्षायणी : सांग काईतरी.

महादेवी : काय सांगू?

दाक्षायणी : मला सुचत न्हाई. तू थोरली हायस. हे आले बघ.

ईरप्पा : अक्का, कधी आलात? पाणी घेतलंत का?

महादेवी : घेतलं. तुमी बसा. न्हाई, उभेच ऱ्हावा. मला एक सांगा. दोन वर्षं तुमी कशाची वाट बघत होता?

ईरप्पा : तिनं सांगितलं तुम्हाला.

महादेवी : तिनं तुमची बाजू घेऊनच सांगितलं. तुमी सांगा.

ईरप्पा : सांगण्यासारखं काही नाही, अक्का. पहिले पंधरा दिवस म्हणालो, साधं शिबं असेल. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. दवाखान्यात नेली असती तर नाव रजिस्टरात गेलं असतं. आफिसात कळलं असतं, घर सोडावं लागलं असतं. माझ्या चुलत्याला मी बघितलंय. त्याला खोपटात ठेवलं त्या दिवसापासून घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही. मला वाटायचं, मी बोललो नाही तोवर ती माझ्या घरात आहे. रोज सकाळी उठून बघायचो, चेहऱ्यावर काही नाही. म्हणायचो, आज नको.

महादेवी : शिकलेला माणूस तुमी.

ईरप्पा : हो.

महादेवी : माझी बहीण बोटं गमावणार, तुमच्या ‘आज नको’पायी.

दाक्षायणी : अक्का, पुरे. हे बोलून झालंय माझं मनात. चंद्रीचं बोल.

महादेवी : तुमी तिच्याबरोबर जाणार?

ईरप्पा : मी विचारलं. निरोगी माणसाला तिथं राहता येत नाही. महिन्यातून एकदा भेट, तीही कुंपणाच्या बाहेरून.

दाक्षायणी : ह्यांनी हितंच ऱ्हावं. सासूबाई दुसरं लग्न करा म्हणतील. मी सांगितलंय ह्यांना, करा म्हणून.

ईरप्पा : मी काही करणार नाही.

दाक्षायणी : आज नको म्हणाल. मग कराल.

महादेवी : ऐका दोघंबी. मी पोरीला नेते. पण माझं ऐकायचं. आमच्याकडं मी सांगणार, तिच्या आईला क्षय झालाय, मिरजेकडं औषधाला ठेवलंय. क्षयाला माणसं भितात, पण सोयरीक मोडत न्हाईत. मग वर्षानं दोन वर्षानं सांगीन, गेली म्हणून.

ईरप्पा : जिवंत असताना?

महादेवी : निंगव्वाचं झालं की ह्या पोरीचं बघायला लागंल मला. सहा-सात वर्षं म्हणजे किती? तवा आई न्हाई म्हटलं तर खपतंय. आई आश्रमात हाय म्हटलं तर कोण करून घेईल?

दाक्षायणी : बरोबर हाय तिचं.

ईरप्पा : दाक्षा, चंद्री पत्र लिहील. तिला लिहिता येतं.

महादेवी : लिहायचं न्हाई. आणि तितनंबी यायचं न्हाई. पाकिटावरचा शिक्का आमचा पोस्टमन वाचतो आणि कट्ट्यावर सांगतो.

दाक्षायणी : न्हाई लिहिणार.

महादेवी : माझ्याकडं बघून म्हण.

दाक्षायणी : न्हाई लिहिणार, अक्का. आता दोघं उठा. शाळा सुटायला वेळ न्हाई. मास्तर अक्काला ओळखत न्हाईत, ह्यांनी संगं जावं. तितनंच टांगा करून स्टेशनवर जा. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलीय, तिच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय सगळं धुऊन घेतलंय. मी हात लावला न्हाई, सासूबाईंनी भरलंय.

महादेवी : घरी आणत न्हाई तिला? एकदा डोळाभर बघ.

दाक्षायणी : घरी आली की ती माझ्याकडं पळत येती. ती थांबत न्हाई आणि मला तिला ढकलावं लागतं. गेले पंधरा दिवस तेच चाललंय. जा तू.

महादेवी : मी जिन्याखाली थांबते ईरप्पा. पिशवी मी घेते. दाक्षी… तंगी… माझी धाकटी… मी येते.

दाक्षायणी : ये.

ईरप्पा : उद्या तिला मी काय सांगू, ती विचारेल तेव्हा?

दाक्षायणी : ती उद्या तितं असंल. तुमाला कोण विचारतंय?

ईरप्पा : मग तू सकाळी तरी तिच्याशी काही बोललीस का? शाळेला जाताना?

दाक्षायणी : वेणी घालून दे म्हणून फणी घेऊन आली होती. हितं, उंबऱ्यापाशी पाठ करून बसली. मी म्हटलं, आजीकडं जा. गेली. अलीकडं ती का म्हणून विचारत न्हाई.